मोहरीतला पिवळा धोतरा

नगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. सव्वीस वर्षं झाली. मी शिकवत नाही. द्रावणं तयार करते, ब्युरेट धुते, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांच्या काचा झाडून काढते. मुलं मला काकू म्हणतात.

बारावीच्या मुलांना दरवर्षी भेसळीचा प्रकल्प असतो. तिखटात विटेची पूड, दुधात स्टार्च, आणि मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल. या शेवटच्या प्रयोगासाठी बिया लागतात आणि त्या मीच गोळा करते. उन्हाळा लागला की एमआयडीसीच्या मागच्या पडीक जागेत जाते, हातात जाड मोजे घालते, पिशवीत बोंडं तोडून आणते. झाड सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पानांवर पांढऱ्या शिरा, अंगभर काटे, कागदासारखी पातळ पिवळी फुलं. तोडलं की पिवळा चीक येतो. नाव धोतरा असलं तरी महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याशी याचा काही संबंध नाही. हे अफूच्या कुळातलं रानटी झाड. खसखशीचं दूरचं भावंड म्हणा. बोंडातलं बी बारीक, काळं, गोल. लांबून पाहिलं तर मोहरीच.

त्या बियांच्या तेलात सँग्विनरीन नावाचं एक द्रव्य असतं. ते रोज थोडं थोडं पोटात गेलं की अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. पाय सुजतात, लाल होतात, धाप लागते, हृदयावर ताण येतो, डोळ्यातला दाब वाढतो. हे सगळं मला पाठ आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर जो तक्ता आहे तो माझ्याच अक्षरात आहे. हे मुद्दाम आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात ‘मला काय माहीत होतं’ असं म्हणायची सोय मला नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, सोनईच्या अलीकडे एका गावात असते. दाजींची शेती कालव्याच्या शेवटाला. पाणी येतं तेव्हा येतं, त्यामुळे ऊस कधी जमला नाही. दोन वर्षांपूर्वी दाजींच्या हृदयाला स्प्रिंग बसवली. तेव्हापासून मोबाईलवर तब्येतीचे व्हिडिओ बघणं हा त्यांचा उद्योग झाला. त्यातल्या कुठल्याशा बाबाने सांगितलं की हृदयाला मोहरीचं तेल सगळ्यात चांगलं, तेही घाण्यावरचं, आणि मोहरी घरची असेल तर बघायलाच नको. झालं. रब्बीला विहिरीच्या वरच्या तुकड्यात दाजींनी मोहरी पेरली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल खाल्लेलं. आक्का म्हणाली, “त्या तेलाचा वास मला सोसत न्हाई.” दाजी म्हणाले, “सवय व्हईल.”

आक्काची एकुलती सून त्याच हिवाळ्यात बाळंतीण झाली आणि सव्वा महिन्यानं माहेरून बाळाला घेऊन आली. माझा भाचा चाकणला कंपनीत असतो, महिन्यातून एखादा रविवार घरी. म्हणजे घरात रोजचं जेवणारी माणसं तीन. आक्का, दाजी, सून. आणि अंगावर पिणारं बाळ.

एप्रिलच्या सुरुवातीला मी एक दिवस जाऊन आले. आक्काचे पाय सुजलेले दिसले. मी म्हटलं, “लोणचं कमी खा, मीठ कमी कर.” एवढंच. हे वाक्य मला आजही आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पाय बघून मी मीठ म्हटलं, पापड-लोणच्यावर बोलले, चहा प्याले आणि दुपारच्या एसटीनं परत आले.

मग फोन सुरू झाले. आक्काला जुलाब होत होते. गावातल्या डॉक्टरनं वयामुळे सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या. दाजींना चढावर दम लागायला लागला. ते नगरला त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरकडे गेले, तिथे गोळी बदलून मिळाली. सुनेचे पाय सुजले तेव्हा तिच्या आईनं तिला राहुरीला बाईडॉक्टरकडे नेलं. बाळंतपणानंतर अशी सूज येते, उतरेल, असं सांगून त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. एका घरातली तीन माणसं, तीन डॉक्टर, तीन फायली. एकानंही विचारलं नाही की घरात आणखी कुणाचे पाय सुजलेत का. आणि मी तिघांशी फोनवर बोलत होते, तिघांचं वेगवेगळं ऐकत होते. मलाही ते एकत्र दिसलं नाही.

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर मी राहायला गेले. सकाळची वेळ होती. दाजी ओट्यावर खुर्चीत, आक्का पायरीवर, सून बाजेवर बाळाला घेऊन बसलेली. तिघांचेही पाय उघडे. मी चपला काढता काढता खाली पाहिलं आणि तिथेच थांबले. सहा पाय. सगळे गुडघ्यापासून खाली फुगलेले, लालसर, कातडी ताणून चकाकणारी. मी आक्काच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. मग सुनेच्या पायावर दाबला. ती “आई गं” म्हणाली. तोच खड्डा. दाजींनी पाय मागे घेतला.

“तेल कोणतं खाताय?” मी विचारलं.

“मोहरीचं,” दाजी म्हणाले. “घाण्यावरचं. एकदम प्युअर.”

पहिलं मी सुनेला विचारलं, “बाळाला मालिश कशानं करतेस?”

“खोबरेलानं, मावशी. आईनं पाठवलंय माझ्या.”

मी खाली बसले. बाळ पाय झाडत होतं. बारीक, कोरडे, चांगले पाय.

स्वयंपाकघरात गेले. चुलीवर कढईत फोडणी टाकलेली होती, वांग्याची भाजी शिजत होती. मी कढई उचलली आणि परसात नेऊन उकिरड्यावर रिकामी केली. दाजी ओरडले, “अगं, डोकं फिरलं का तुझं?” मी तेलाच्या डब्यातलं थोडं तेल पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत भरून घेतलं, डबा दोरीनं बांधून माळ्यावर टाकला आणि आक्काला म्हटलं, “हे तेल घरात कुणी बोटावर सुद्धा घ्यायचं नाही. आजपासून. आत्तापासून.”

आल्या पावली मी नगरला परतले. कॉलेज बंद होतं, पण प्रयोगशाळेची एक किल्ली माझ्याकडे असते. मी तीन परीक्षानळ्या मांडल्या. एकीत दुकानातलं शेंगदाणा तेल, दुसरीत आमच्या कपाटातलं पाकीटबंद मोहरीचं, तिसरीत आक्काच्या घरचं. तिन्हींत तीव्र नायट्रिक आम्ल घातलं, हलकं हलवलं, स्टँडवर ठेवलं. सव्वीस वर्षं मी मुलांना हे करून दाखवलंय. दरवर्षी तिसऱ्या नळीत लाल रंग आला की वर्गात ‘ओऽ’ असा आवाज होतो. त्या दिवशी खोलीत मी एकटी होते. तिसऱ्या नळीत तळाला आम्ल लाल झालं. आधी नारिंगी, मग विटेसारखं लाल. मी बघत राहिले. हा रंग आणण्यासाठी मी दरवर्षी धोतऱ्याच्या तेलाचे मोजून थेंब टाकते. हे तेल माझी बहीण रोज दोन वेळा खात होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावून घेतलं आणि तिघांना नगरच्या एका दवाखान्यात आणलं. तिथल्या तरुण डॉक्टरला मी सांगितलं की हे पिवळ्या धोतऱ्याचं आहे, तेलातून गेलंय, मी चाचणी केलीय. त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. “तुम्ही कोण?” मी सांगितलं, लॅब असिस्टंट. “काकू, मोबाईलवर वाचून निदान करायचं नसतं.” मी बाटली त्याच्या टेबलावर आपटली. आवाज ऐकून आतून मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिघांना एका रांगेत बसवलं, तिघांचे पाय दाबून पाहिले आणि विचारलं, “तिघांचं जेवण एकाच ठिकाणी?” बस, एवढाच प्रश्न. दीड महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी तो विचारला. त्यांनी तिघांना दाखल करून घेतलं. तेल बंद, अंगातलं पाणी काढायची औषधं, आराम, डोळ्यांची तपासणी. आणि त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, “बाई म्हणतायत ते लिहून घे.” त्यानं लिहून घेतलं. माफी वगैरे काही मागितली नाही.

माझं डोकं तापलेलंच होतं. तिघं दाखल आहेत, भाचा जवळ आहे, म्हणून मी सरळ एसटी पकडली आणि ज्याच्याकडनं दाजींनी तेल आणलं त्या घाणेवाल्याच्या दुकानात गेले. लाकडी घाणा, बाहेर मोठा फलक, आत चार-पाच गिऱ्हाईकं. त्यांच्यासमोर मी दाजींचं नाव घेऊन तोंड सोडलं. लोकांना विष विकतोस, तीन माणसं दवाखान्यात आहेत, तान्ह्या लेकराची आई आहे त्यात, तुझं दुकान मी बंद करते की नाही बघ. गिऱ्हाईकं एकेक करून मागे सरकली. एका बाईनं भरलेली बाटली काउंटरवर ठेवली आणि निघून गेली.

घाणेवाला पन्नाशीचा, शांत माणूस. माझं होऊ दिलं. मग म्हणाला, “बाई, मी मोहरी विकतच न्हाई. माझ्याकडं करडई, शेंगदाना आन्‌ तीळ. तुमच्या दाजींनी सवताच्या रानातली दीड गोनी आनली व्हती, मी नुस्तं गाळून दिलं. उरलेली अर्धी गोनी त्यांच्या घरी आसंल. जावा, बगा.”

तशीच पायी फाट्यापर्यंत आले, रिक्षा केली, आक्काच्या घरी गेले. शेजारणीकडून किल्ली घेतली. धान्याच्या खोलीत अर्धी गोणी होतीच. मूठभर मोहरी ताटात पसरली आणि उन्हात नेली. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो. त्यात दुसरे दाणे होते, खरबरीत, वर जाळी असल्यासारखे, एका टोकाला बारीक चोच. शोधावे लागले नाहीत. सगळ्या ताटभर होते.

मग मी वरच्या तुकड्याकडे गेले. मोहरी निघून गेलेली, पण बांधाला आणि पडीक कडेला पिवळा धोतरा कंबरेएवढा उभा होता. बोंडं वरून फुटलेली. आडवं पसरत तो पिकात शिरला होता हे धसकटांवरून दिसत होतं. एवढं झाड, एवढे काटे, पीक सोंगताना, कापताना हाताला लागल्याशिवाय राहतील? कुणीतरी ते पाहिलं असणारच.

मोहरीची सोंगणी जिनं केली होती ती बाई गावाच्या टोकाला राहते. मूळची पाथर्डीकडची. पूर्वी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, पाठ गेली तेव्हापासून इथेच रोजानं काम करते. माझ्याच वयाची असेल. मी गेले तेव्हा दारात शेण्या थापत होती. जाता जाता मला आठवलं होतं की आक्कानं तिलाही तेलाची बाटली दिली होती. आक्कानंच एप्रिलमध्ये मोठ्या प्रेमानं मला सांगितलं होतं. आधी मी तेच विचारलं.

“तुम्हाला आक्कानं तेल दिलं होतं. ते खाल्लंत का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “तवाच वतून दिलं म्या. परसात.”

“का?”

“का म्हंजी? बी बगितलं व्हतं ना म्या. काटंधोतऱ्याचं बी व्हतं त्यात. आमच्या तिकडं ढोरं सुदीक तोंड लावत न्हाईत त्याला.”

माझा संताप मस्तकात गेला. “मग सांगितलं का नाहीत? तीन माणसं दवाखान्यात पडलीत! नुसतं ओतून दिलंत आणि गप्प बसलात?”

तिनं शेणाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

“सांगितलं. सोंगताना सांगितलं, खळ्यावर सांगितलं. म्हनलं, मालक, ह्ये येगळं काडा, मोहरी पाखडून घ्या, म्या पाखडून देते. तर मालक म्हनले, तू मला शेती शिकवती का? त्या झाडात अवशीद असतंय म्हनले. आमची मेव्हनी सायन्सच्या लॅबमदी हाय, तिनं सांगितलंय. आता तुमी शिकल्याल्या म्हनल्यावर म्या कोन बोलनार? आन्‌ आता तुमीच माज्यावर वरडायला आल्या व्हय?”

तिनं परत शेणात हात घातला.

तिचं खरं होतं. आदल्या दिवाळीत जेवणं झाल्यावर सगळे रानात गेलो, तेव्हा मी मोठ्या ऐटीत बोलले होते. बांधावरचं झाड दाखवून म्हटलं होतं, दाजी, याला तण समजू नका, यात बर्बेरीन असतं, आपल्या दारुहळदीत असतं तेच, बाहेरच्या देशात हिवतापावर या झाडाचा अभ्यास चाललाय. हे खोटं नव्हतं. झाडाच्या अंगात अनेक द्रव्यं असतात, कुठलं औषध, कुठलं विष, कुठल्या भागात किती, हे सगळं वेगळं वेगळं असतं. पण ते मी बोललेच नाही. तक्त्यावरचं बियांबद्दलचं वाक्य, जे मला झोपेत सुद्धा येतं, ते मी त्या संध्याकाळी बोलले नाही, कारण सगळे कौतुकानं ऐकत होते आणि मला घरात एकदा तरी मॅडम व्हायचं होतं. दाजी हसून म्हणाले होते, “म्हंजी आपल्या बांधावर मेडिकलच उगवलंय की.” मीही हसले होते.

मी त्या बाईला म्हटलं, “माझं चुकलं.” ती शेण्या थापत राहिली. मला वाटतं तिला ते ऐकायचंच नव्हतं.

तेल दीड गोणीचं निघालं होतं. घरात एक डबा सापडला आणि दोन रिकामे. बाकीचं कुठे गेलं? दवाखान्यात परतल्यावर मी दाजींना विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“दाजी, तेल कुणाकुणाला दिलंत?”

“दिलं आसंल कुनाला तरी.”

“नावं सांगा. त्यांना फोन करायला हवा.”

“करतो मी. घरी गेल्यावर.”

“आत्ता.”

“आता काय सांगू? मी लोकांना विष वाटलं म्हनू? माजी काय राहील त्यात?”

आक्का शेजारच्या कॉटवर होती. ती म्हणाली, “द्या तिला मोबाईल.” दाजींनी उशीखाली हात घालून मोबाईल आणखी आत सरकवला. मी तो हिसकावून घेतला. अक्षरशः हिसकावून घेतला, वॉर्डातले लोक बघत होते. मग आक्का आठवून आठवून सांगत गेली आणि मी एकेकाला फोन लावत गेले. दाजींचे दोन मित्र, सुनेचं माहेर, गावातल्या देवळात दिव्यासाठी दिलेला एक डबा, आणि दाजींचा धाकटा भाऊ श्रीगोंद्याला. मित्रांनी बाटल्या तशाच ठेवल्या होत्या, वास आवडला नव्हता. सुनेच्या आईनं तर उघडलीच नव्हती. देवळातल्या पुजाऱ्याला मी म्हटलं, तेल दिव्यात सुद्धा नको, कुणीतरी घरी नेईल, ओतून टाका.

श्रीगोंद्याच्या वहिनी फोनवर म्हणाल्या, “आम्ही तर तेच खातोय. का हो? ह्यांचे पाय जरा सुजलेत आठवड्यापासून, मार्केटात कांद्याच्या वजनाला उभं राहून राहून.” मी त्यांना तिथल्या तिथे तेल बंद करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांना नगरला आणवलं. त्यांचं लवकर थांबलं. महिन्याभरात सूज उतरली. तो फोन दाजी ‘घरी गेल्यावर’ करणार होते.

सून तरुण, ती लवकर सावरली. बाळाला काही झालं नाही. दाजींच्या हृदयानं बराच त्रास दिला, पण तेही चालत घरी गेले. आक्काचं मात्र राहिलं. दिव्याभोवती तिला रंगीत कडी दिसत होती, महिनाभर आधीपासून, आणि ती कुणाला बोलली नव्हती. मोतीबिंदू असेल, म्हणाली, एवढ्या तेवढ्याला कशाला दवाखाना. उजव्या डोळ्यातला दाब इतका वाढला होता की आतली नस सुकून गेली. डाव्याचं औषधांनी वाचलं. उजव्यानं तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

मी घाणेवाल्याकडे परत गेले होते, जूनमध्ये. सांगितलं की माझी चूक झाली, लोकांसमोर बोलले, आता लोकांसमोर माफी मागते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो म्हणाला, “कुनासमोर मागता बाई? हाय का कुनी?” घाणा बंद होता. तुटलेलं गिऱ्हाईक परत आलं नव्हतं. गावात बातमी एकच पसरली होती, घाण्याच्या तेलानं तीन माणसं पडली. मोहरी कुणाची हे कुणी विचारलं नव्हतं आणि दाजींनी सांगितलं नव्हतं.

यंदा माघात बाळाचं जावळ काढलं. मोठं जेवण होतं, पाहुणे आले होते. सोंगणी करणाऱ्या बाईला आक्कानं स्वतः जाऊन बोलावलं होतं. ती परसाकडच्या दारात बसली होती. पंगतीआधी मांडवात कुणीतरी विषय काढला आणि दाजी सांगायला लागले. “काय सांगायचं, त्या घानेवाल्यानं भेसळ केली. आमी मरता मरता वाचलो. आजकाल कुनावर भरवसा ठिवायचा?” ऐकणारे माना हलवत होते. दाजींचा आवाज चांगला लागला होता. बऱ्याच वेळा सांगून झालेलं दिसत होतं.

मी पत्रावळ्या मांडत होते. त्या खाली ठेवल्या.

“दाजी, मोहरी कुणाची होती?”

ते थांबले. “आता ह्यो काय विषय हाय का?”

“तुम्हीच काढलाय. मोहरी कुणाची होती? आणि ती पाखडून घ्या म्हणून तुम्हाला कोण म्हणालं होतं?”

दाजींच्या मोठ्या बहिणीनं माझा दंड धरला. “अगं, चांगल्या कार्यात हे काय? पाहुने बसलेत.”

“बसू देत. त्यांनीही ऐकू दे. घाणेवाल्यानं काही केलं नाही. मोहरी दाजींची होती. त्यात पिवळा धोतरा होता. या बाईंनी दोनदा सांगितलं होतं आणि दाजींनी त्यांना गप्प केलं. आणि त्या झाडात औषध असतं, हे दाजींच्या डोक्यात मी घातलं होतं. मी. अर्धवट सांगून.”

दाजी उठले. “ही आली तवापासनं मला आरोपीच करती,” म्हणाले, आणि आक्काकडे वळले. “तू तरी सांग की हिला.”

आक्काच्या कडेवर बाळ होतं, नुकतंच डोकं भादरलेलं, हळद लावलेलं. तिनं मान पूर्ण फिरवून दाजींकडे पाहिलं. आता तिला उजवीकडचं बघायला मान फिरवावी लागते.

“ती खरं बोलतीया,” आक्का म्हणाली. “मोहरी आपली व्हती. म्या सवता खळ्यावर हुते. ह्या बाईनं सांगितल्यालं म्या बी ऐकलं हुतं. तुमी वरडला, आन्‌ म्या गप बसले.”

दाजी गोठ्याकडे निघून गेले. ते पंगतीला आले नाहीत. पाहुणे जेवले, आणि नंतर भांडी घासताना दोघी-तिघींनी मला ऐकवलं की एवढं ताणायला नको होतं, म्हातारा माणूस आहे, हृदयाचा पेशंट. मी म्हटलं, घाणेवालाही माणूसच आहे. परसाकडच्या दारात बसलेली बाई जेवून ताट घेऊन उठली. माझ्याजवळून जाताना थांबली. मला वाटलं काही बोलेल. ती आक्काला म्हणाली, “बाई, लेकराची दृष्ट काडा,” आणि गेली.

दाजी माझ्याशी अजून बोलत नाहीत. जावळानंतर काही दिवसांनी ते एकदा घाणेवाल्याच्या दुकानात जाऊन आले, असं आक्कानं फोनवर सांगितलं. काय बोलले ते तिला माहीत नाही, मीही खोदून विचारलं नाही. बांधावरचा पिवळा धोतरा भाच्यानं मुळासकट उपटून जाळला. पडीकातला तसाच आहे, तो कुणाच्या मालकीचा नाही.

लोक म्हणतात आता सोडून दे, सगळी वाचली ना. सगळी वाचली, खरं आहे. गेल्या रविवारी मी आक्काकडे गेले होते. तिनं चहा केला आणि ओतताना धार कपाच्या बाहेर पडली, ओट्यावरून तिच्याच पायावर. ती हसली. “आता अंदाजच लागत न्हाई बग,” म्हणाली, आणि पदरानं पाय पुसला. मी फडकं घेऊन ओटा पुसत राहिले. मला हसू आलं नाही.